मोहाखालचा धूर

५ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी प्रफुलचा फोन आला. तो चंद्रपूरला कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात आमचं छायाचित्र मंडळ चालवतो. येत्या रविवारी प्रदर्शन आहे. प्रत्येकाने आपलं सगळ्यात आवडतं एकच चित्र द्यायचं, खाली कार्डावर ठिकाण, तारीख आणि दोन ओळी लिहायच्या, आणि पाच मिनिटं उभं राहून त्यामागची गोष्ट सांगायची.

“काकू, वाघ नसला तरी चालेल बरं का. सतरा जणांनी वाघच दिलाय. लोक म्हणतील, एकाच वाघाला सतरा वेळा उभं केलं.”

तो हसला, म्हणून मीही हसले.

मी नीलाबाईचं चित्र दिलं. नीलाबाई इथून सहा किलोमीटरवरच्या बेहडाटोला या वस्तीतली. मोहाच्या झाडाखाली ती वाकून फुलं वेचते आहे, पदर कमरेला खोचलेला, आणि तिच्याभोवती पांढुरक्या पडद्यातून उन्हाचे पट्टे खाली उतरले आहेत. बघणारे त्याला धुकं म्हणतात. ते धुकं नाही. मोहफुलं रात्री गळतात आणि पाचोळ्यात दडतात. ती दिसावीत म्हणून नीलाबाई झाडाखालचा पाचोळा खराट्याने एका जागी ओढते, ढीग पेटवते, तो विझेपर्यंत हलत नाही आणि मग टोपली घेते. त्या ढिगाचा तो धूर आहे.

कार्डावर ठिकाण लिहिलं. तारखेपाशी पेन थांबलं. मग १० एप्रिल २०२४ असं लिहिलं. ती खरी तारीख नाही.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्ना आमच्याकडून रोज डायरी लिहून घेत. त्या वर्गात मेणाचा आणि ओल्या फरशीचा वास असायचा. जे लिहवत नाही तिथे ओळ कोरी सोडा, पण खोटं लिहू नका, असं त्या सांगत. कार्डावर कोरी ओळ सोडता येत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

ह्यांच्या शाळेतले एक जुने शिक्षक भेटायला आले. हे तीस वर्षं इथे कुरखेड्यात मुख्याध्यापक होते, त्यामुळे हे गेल्याला दहा महिने होत आले तरी कोणी ना कोणी येतं. इंदुताईंनी, म्हणजे आमच्याकडेच राहणाऱ्या ह्यांच्या थोरल्या बहिणीने, नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. अर्धांगवायूचे सात महिने, मग शेवटची सकाळ.

“सातले डोळे उघडले गुणवंतानं. म्हणाला, रीता कुठी हाय? मी म्हणलं, दूध आणाले गेली, येतेच आता. तं मान हलवली. सात वाजून दहा मिनिटं झाले होते.”

याच ठिकाणी मी चहा टाकायला उठते. आजही उठले. पाणी उकळत होतं तिकडे बघत राहिले. रडू येईल असं वाटत नाही. आधी वाटायचं.

१३ जानेवारी, सोमवार

काल चंद्रपूरला जाऊन आले. प्रफुलच्या घरी मुक्काम केला, आज दुपारी परत.

हॉल भरलेला होता. एकाने खंड्या पक्ष्यासाठी अकरा तास पाण्यात उभं राहिल्याचं सांगितलं, शेवटी पक्षी त्याच्याच टोपीवर बसला. एका वाघवाल्याने कबूल केलं की जिप्सी चिखलात रुतली म्हणून वाघ दिसला, नाहीतर ते कधीच पुढे निघून गेले असते. लोक खूप हसले. एका बल्लारपूरच्या मुलीने तिच्या वडिलांच्या सायकलच्या हँडलचं चित्र ठेवलं होतं, तिथे रंग उडून बोटांचा आकार पडला होता. तिला बोलताच आलं नाही. लोकांनी तिला जास्त टाळ्या दिल्या.

माझी पाळी आली. मी धुराबद्दल सांगितलं, खराट्याबद्दल, उजेडाबद्दल. मग प्रफुलने विचारलं, “काकू, तुम्ही तिथे कशा काय पोचलात?” आणि मी म्हणाले, “माझे पती गेले. तेरवी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा घराबाहेर पडले.”

हे आधी ठरवलेलं नव्हतं. तारीख ठरवलेली होती, वाक्य नव्हतं. एक बाई येऊन माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. तिचे हात ऊबदार होते. माझे तिला कसे लागले असतील कोण जाणे.

१५ जानेवारी, बुधवार

पेपरात आलं. ‘धुरातून उमटलेली उमेद’. नीलाबाईचं नाव, टोल्याचं नाव, १० एप्रिल, तेरवी, सगळं. दीपालीचा पुण्याहून फोन आला, ती रडत होती. तिनेच मला साठीला हा कॅमेरा घेऊन दिला होता. “आई, तू हे आम्हाला कधी सांगितलंच नाहीस,” म्हणाली. मी म्हटलं, काय सांगायचं त्यात.

इंदुताईंनी बातमी कापून भिंतीवर चिकटवली. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तू जंगलात गेल्ती? मले तं आठवत नाई. घरभर पाहुणे होते ना?”

“पहाटेच गेले होते. सगळे झोपले होते.”

“असन बापा.”

१७ जानेवारी, शुक्रवार

बेहडाटोल्याच्या ग्रामसभेचे अध्यक्ष बुधूभाऊ आले. त्यांच्या हातात पेपराची घडी होती. मला वाटलं, कौतुक करायला आले.

टोल्याला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आहे. बांबूचं एक रान त्यांनी चार वर्षं हात न लावता राखलं होतं, या हिवाळ्यात तोडायचं म्हणून. मागच्या दहा एप्रिलला ते जळालं. दोन दिवस धुमसत होतं. आग कोणी लावली ते कधी कळलं नाही. हे मला माहीत नव्हतं. त्या वेळी माझ्या कानावर काही येत नव्हतं.

“नीलाबाईचे झाडं त्या रानाले लागूनच हायेत,” बुधूभाऊ म्हणाले. “होळीनंतर मोहाखाली कोनी जाळायचं नाई, असा आमचा ठराव होता. आता पेपरात आलं, दहा तारखेले तिनं जाळलं. फोटोच हाय. ते म्हनते, मी नाई. कोनी मानून नाई राह्यलं. छब्बीस जानेवारीले ग्रामसभा हाय, तिचे पाची झाडं काढून घेतील लोक.”

“काढून घेतील म्हणजे?”

“म्हंजे दुसऱ्याच्या वाट्याले देतील. सासूच्या सासूपासूनचे झाडं हायेत ते. उन्हाळ्याची फुलं अन् मंग टोळीचं, म्हंजे मोहाच्या बियांचं तेल, त्याच्यावरच तिचं वरीस जाते.” त्यांनी घडी उलगडली. “म्हनून म्हनलं एकडाव बाईले इचारून येऊ. तारीख बरोबर हाय ना?”

इंदुताई शेजारीच सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

मी म्हणाले, “हो.”

बुधूभाऊंनी पेपराची घडी पुन्हा तशीच घातली. चहा अर्धा ठेवून गेले.

एक शब्द. मी तो म्हणाले आणि नंतर भाजी चिरली.

१९ जानेवारी, रविवार

स्कुटीवरून बेहडाटोल्याला गेले. नीलाबाई अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. मला बघून उठली नाही.

“या मास्तरीणबाई. आता मी पेपरातली बाई होय. खुर्ची तुमाले का मले?”

“नीलाबाई, मी...”

“बसा बसा. चेष्टा करून राह्यली.” तिने गोणपाट पुढे सरकवलं. “लोक म्हनते, फोटो खोटं बोलत नाई. मी म्हनलं, फोटो कुठी बोलते? बोलते तं बाई.”

मी बसले. ती पुन्हा देठं खुडू लागली. मी विचारलं, दहा एप्रिलला ती कुठे होती.

“झाडाखालीच. पन झाडून वेचत होती. होळीनंतर जाळलं ते एकच दिवस, तुमी आल्या त्या दिवशी. होळी होऊन तीन दिवस झाले होते. ठराव मोडला मी, ते खरं हाय. नाई कशाले म्हनू? पानं लय पडले होते, कंबर दुखत होती.”

“म्हणजे तो दिवस तुला आठवतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“मास्तर गेले तो दिवस. सायंकाळी टोल्यात बातमी आली. मी म्हनलं, सकाळीच तं बाई माह्याजवळ होत्या. मी इचारलं बी होतं तुमाले, मास्तर कसे हायेत? तुमी म्हनल्या, बरे हायेत.”

“मग हे बुधूभाऊंना सांगितलं का नाहीस? एवढं सांगितलं असतंस तर सुटली असतीस.”

“तुमच्या घरचा दिवस होता तो, बाई. मी काऊन सांगू?”

कोंबड्या अंगणात फिरत होत्या. तिची नात करिश्मा शाळेचं काहीतरी मोठ्याने पाठ करत होती. निघताना नीलाबाईने भाजीची जुडी हातात दिली. “न्या. इंदुबाईले आवडते.”

ही बाई आपली पाच झाडं सोडायला निघाली होती आणि ती मला भाजी देत होती. मला काहीतरी व्हायला हवं होतं. वाटेत हात गार पडले, एवढंच कळलं.

२० जानेवारी, सोमवार

लाखोळीची भाजी केली. इंदुताईंनी दोनदा वाढून घेतली. कोणी दिली ते सांगितलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

आधी इथे लिहिते, मग इंदुताईंना सांगेन.

२७ मार्चला संध्याकाळी डॉक्टर म्हणाले होते, एक दिवस, फार तर दोन. २८ला पहाटे पाचला मी ह्यांची चादर बदलली. श्वास बदलला होता. मध्येच थांबायचा, मग घशात काहीतरी ओढल्यासारखा परत यायचा. मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी दहा महिने स्वतःला सांगते आहे, पण कळलं होतं. मी इंदुताईंना उठवलं नाही. कॅमेरा घेतला, स्कुटी फाटकापर्यंत ढकलत नेली आणि निघाले.

जंगलात फिनाइलचा वास नव्हता. मोहाचा होता, गोडसर, आंबूस. नीलाबाईचा धूर वर चढत होता आणि त्यात ऊन शिरत होतं. मी बत्तीस चित्रं काढली. एकदाही घरचा विचार आला नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला पाऊण तास होता, असं मी कोणाला कसं सांगणार?

आठला परतले. येताना दूध घेतलं, कारण हातात काहीतरी हवं होतं. दारात इंदुताई उभ्या होत्या. पिशवी बघून म्हणाल्या, “मी त्याले तेच सांगितलं, दूध आणाले गेली म्हणून.” पुढचं मला वेगळं रचावंच लागलं नाही.

दहा एप्रिल का लिहिलं, तेही आता लिहिते. नऊला तेरवी झाली. दहा हा पहिला दिवस, ज्या दिवशी बाहेर पडले तर कोणी नावं ठेवली नसती.

दुपारी

सांगितलं. त्या खाटेवर बसून औषधाची गोळी अर्धी करत होत्या. मी उभी राहूनच सगळं सांगितलं, अगदी वर लिहिलंय तसं. नीलाबाई काय म्हणाली तेही.

“फोटो कितीक वाजताचा हाय?” एवढंच विचारलं.

“सहा बावन्न.”

त्यांनी बोटांवर मोजलं. अंगठा पेरांवरून सरकत गेला. अठरावर थांबला. मग तो हात मांडीखाली घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. अर्धी गोळी खाटेवरच राहिली होती. मी ती उचलून वाटीत ठेवली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर समाजमंदिरासमोर ग्रामसभा बसली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. साठ-सत्तर माणसं असतील. नीलाबाई मागे, खांबाला टेकून.

बुधूभाऊंनी विषय काढला तशी मी उठले आणि कॅमेरा पुढे केला. तारीख आणि वेळ त्यात उमटते, हे चित्र २८ मार्चचं आहे, कार्डावर चुकीचं लिहिलं, असं सांगितलं. चुकीचं, असाच शब्द वापरला. तेवढ्यावर निभावेल असं वाटलं होतं.

पुढे बसलेल्या सोमारीने मान झटकली. तिची झाडं नीलाबाईच्या झाडांना लागून आहेत. “कॅमेऱ्याचं घड्याळ कोनीबी फिरवते. माह्या पोराच्या मोबाइलात तं अजून दिवाळीच हाय.”

लोक हसले. बुधूभाऊ हसले नाहीत. म्हणाले, “बाई, मी तुमच्या घरी येऊन इचारलं होतं. तुमी हो म्हनल्या. आता नाई म्हनता. आमी कोनतं धरावं?”

मग मी सांगितलं. “२८ मार्चला सकाळी मास्तर गेले. ते जात होते तेव्हा मी नीलाबाईच्या झाडाखाली फोटो काढत होते. ते जाणार हे मला माहीत होतं. लोकांना कळू नये म्हणून मी तारीख बदलली. तुम्ही घरी आलात तेव्हा माझी नणंद शेजारी होती, म्हणून मी खोटं बोलले.”

माझा आवाज हजेरी घेतल्यासारखा निघाला. एक लहान मूल रडायला लागलं, त्याला कोणीतरी लांब नेलं.

मग सोमारीच म्हणाली, जमिनीकडे बघत, “दुसऱ्या दिवशी मास्तरच्या मातीले मी गेल्ती. फुलं तशीच अंगणात टाकून गेल्ती. तवा बांबू उभा होता. येताना आमी त्याच्याच सावलीत पानी पेलो.”

दोघा-तिघांनी हो म्हटलं. बांबू नंतर जळाला, हे सगळ्यांना आठवत होतं. दिवस कोणता ते फक्त कोणी जोडलं नव्हतं.

ठरलं ते असं. होळीनंतर जाळलं म्हणून नीलाबाईने दोन दिवस जंगलातली जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, झाडायची. झाडं तिचीच. बांबू कोणी जाळला ते माहीत नाही, असंच वहीत राहील.

“अन् तुमचं बी लिवतो, बाई,” बुधूभाऊ म्हणाले. “तुमी खोटी तारीख सांगितली अन् मंग खरी सांगितली.”

“लिहा,” मी म्हणाले. त्यांनी सावकाश लिहिलं आणि सही घेतली.

जाताना नीलाबाई बाजूने चालत होती. “आता पुरत्या सापडल्या तुमी बाई,” ती म्हणाली. “मी कशाले गप होती मंग एवढे दिवस?” त्यात चेष्टा किती आणि राग किती, मला कळलं नाही. फाट्यापर्यंत मात्र आली.

२७ जानेवारी, सोमवार

इंदुताई चार दिवस बोलल्या नाहीत. जेवल्या, ताट उचललं, कपडे वाळत घातले. आज सकाळी त्यांची पिशवी दाराशी दिसली. गोंडपिपरीला मुलाकडे जायचं, दहाची गाडी. मी डबा भरून दिला. त्यांनी तो घेतला.

साडेनऊला त्या खुर्चीवर बसल्या होत्या, पायात चपला घालून. म्हणाल्या, “झाडं राह्यले का तिचे?”

“राहिली.”

“अन् तू सगळ्याइपुढं बोलली?”

“हो.”

“मले सांगितलं तसंच?”

“तसंच.”

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मला त्यांना जाऊ नका म्हणायचं होतं. ते म्हणायचा हक्क मला आहे असं वाटेना. दहा महिने त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला जे सांगत होत्या ते मी कधी पुरतं ऐकलं नव्हतं, आणि त्यांनी ते मला वेगळं असं कधी सांगितलंही नव्हतं. त्या सकाळी त्या खोलीत त्या एकट्याच होत्या. आज पहिल्यांदा मला त्या एकट्या दिसल्या.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“ताई, त्या दिवशी काय झालं ते मला सांगा. पाहुण्यांना सांगता ते नको.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दहाला पंधरा मिनिटं होती. हात मांडीवर तसेच, एकात एक. मला वाटलं, उठून जातील.

“सहाले मी उठली,” त्या म्हणाल्या, “तं तुझी खाट रिकामी होती.”